कालच्या तारखेचं बटण

स्वरूपा बोराटेला तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरी लागली तेव्हा तिच्या वडिलांनी रुपीनगरच्या त्यांच्या गल्लीत घरोघर जाऊन पेढे दिले होते. ज्योतीराम बोराटे भूम तालुक्यातून आलेले, भोसरीच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं लेथवर उभे राहिलेले. पोरगी एसीत बसून काम करणार याचं त्यांना इतकं अप्रूप, की पहिले कित्येक महिने ते तिला गाडीवरून गेटपर्यंत सोडायला जात आणि ती आत गेल्यावरही त्या काचेच्या इमारतीकडे बघत थोडा वेळ थांबत. स्वरूपाला ते आवडत नसे. वडील सुरक्षारक्षकाशी ‘आमची पोरगी हितं हाय कामाला’ म्हणून गप्पा सुरू करत, आणि ती मागे न बघता झपझप आत निघून जाई. पुढे जे घडलं त्याची सुरुवात नेमकी कुठून झाली हे तिने नंतर बरेचदा आठवून पाहिलं. दर वेळी ती आणखी थोडी मागे जाई.

कंपनी लहान, पंचवीसेक माणसांची. चाकण, तळेगाव, भोसरीच्या कारखान्यांतली कागदी रजिस्टरं बंद करून ती मोबाईलवर आणि टॅबवर आणून द्यायची, हा त्यांचा धंदा. स्वरूपाकडे चाकणचा एक कारखाना होता. तिथे गाड्यांचे गिअर भट्टीत तापवून, तेलात बुडवून कडक केले जात. भट्टी किती तापली, तेल किती तापलं, हे दर तासाला लिहून ठेवावं लागे, कारण गिअर घेणारी मोठी कंपनी ते आकडे बघूनच माल उचलत असे. पूर्वी ते रजिस्टरात असत. आता स्वरूपाने बनवलेल्या अ‍ॅपमध्ये.

त्या अ‍ॅपमधलं कॅलेंडर तिचं फार लाडकं होतं. वरच्या तारखेला बोट लावलं की ते खालून अलगद वर येई, निवडलेल्या दिवसाभोवती फिकट निळं वर्तुळ उमटे, आणि उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘ठीक’ दिसे. तेवढ्यासाठी तिने एक आठवडा घालवला होता. तिच्या वरच्या जागेवर असलेल्या सुजितने तर सगळ्यांना गोळा करून ते दाखवलं होतं.

अ‍ॅप सुरू होऊन दोन महिने झाले आणि जुलैत कारखान्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक आवाजी निरोप आला.

“नमस्कार ताई. मी नवाब तांबोळी, भट्टी विभाग, तिसरी पाळी. आमाला रोज सकाळी कालची तारीख लावावी लागती. त्या तारखेच्या अल्याड-पल्याड दोन बटनं दिली, एक मागच्या दिवसाचं आन् एक पुढच्या दिवसाचं, तर लई बरं व्हईल. घाई न्हाई.”

मागणी साधी होती आणि रास्त होती. तिसरी पाळी रात्री अकराला लागते आणि सकाळी सातला सुटते. हातात जाड मोजे, समोर भट्टी, त्यामुळे नवाबभाई आकडे आधी खिशातल्या वहीत टिपून ठेवत आणि पाळी संपताना टॅबवर चढवत. तोवर तारीख बदललेली असे. अ‍ॅप उघडे आजच्या तारखेला आणि नोंद करायची असे कालच्या. म्हणजे रोज कॅलेंडर उघडायचं, कालच्या दिवसावर बोट ठेवायचं, मग ते बारीक ‘ठीक’ दाबायचं. पहिल्या आणि दुसऱ्या पाळीच्या लोकांना तारखेला हातच लावावा लागत नसे. साठ माणसं अ‍ॅप वापरत होती, त्यातल्या एकालाच कॅलेंडर रोज लागत होतं.

स्वरूपाने एवढा विचार केला नाही. साठांतला एक, एवढंच तिने पाहिलं. शिवाय त्या सुबक तारखेच्या दोन्ही बाजूंना दोन ढोबळ बाण लावायचे या कल्पनेनेच तिला कसंसं झालं. ‘नोंद घेतली आहे’ असं तिने ग्रुपवर टाकलं आणि कामांच्या यादीत ती मागणी सगळ्यात खाली ढकलली. ऑगस्टमध्ये नवाबभाईंनी पुन्हा विचारलं, सप्टेंबरमध्ये पुन्हा. तिसऱ्या निरोपानंतर जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडता उघडता त्यांच्या आवाजाची नक्कल केली. “लई बरं व्हईल ताई, घाई न्हाई.” टेबलावरचे सगळे हसले. नक्कल हुबेहूब झाली होती. न व्हायला काय, तिच्या घरात तसंच बोलत.

डिसेंबरात गिअर घेणाऱ्या कंपनीची माणसं तपासणीला आली. त्यांनी तीन महिन्यांच्या नोंदी काढल्या आणि त्यांत अकरा दिवस असे सापडले की तिसऱ्या पाळीची नोंदच नाही, आणि दुसरे काही दिवस असे की एकाच पाळीच्या दोन-दोन नोंदी. त्यांनी सरळ अर्थ काढला. अकरा दिवस भट्टीकडे कुणी पाहिलं नाही आणि नंतर बसून मनाने आकडे भरले. कारखान्याच्या गुणवत्ता विभागाचे प्रमुख रंगराव साहेब तसे सावध गृहस्थ. त्यांनी कारवाई करण्याआधी सॉफ्टवेअरवाल्यांना मेल करून विचारलं, की श्री. नवाब तांबोळी यांच्या नोंदींत असा घोळ दिसतो आहे, यात अ‍ॅपचा काही दोष असू शकतो का.

तो मेल स्वरूपाच्या समोर आला तेव्हा शुक्रवार होता आणि तिला मैत्रिणीच्या हळदीला जायचं होतं. तिने स्वतःच्या फोनवर अ‍ॅप उघडलं, एकदा कालची तारीख निवडली. निवडली गेली. मग तिने उत्तर लिहिलं: ‘अ‍ॅप अपेक्षेप्रमाणे काम करत आहे. ही वापरणाऱ्याची चूक आहे.’ पाठवलं आणि निघाली.

या दोन ओळी ती विसरूनही गेली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याच कारखान्याने माल रवाना करणाऱ्या विभागासाठी नवं काम सांगितलं, आणि ते काम प्रत्यक्ष कसं चालतं हे बघायला स्वरूपा पहिल्यांदा चाकणला गेली. रंगराव साहेबांनी तिला थोडं फिरवलं. मग त्यांना फोन आला. त्यांनी लांबून एका माणसाला हाक मारली. “नवाबभाई, मॅडमना जरा सगळं समजावून सांगा.” आणि ते गेले.

साठीला टेकलेला, काटक, पांढरी दाढी बारीक राखलेला माणूस हातातला चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवून पुढे आला. त्याने एक स्टूल फडक्याने पुसून तिच्यापुढे सरकवलं.

“तुमीच का त्या स्वरूपाताई? मी नवाब तांबोळी. आदी भट्टीवर व्हतो. तुमाला मेसेज केलते दोन-तीन.”

आवाज तिने लगेच ओळखला. जेवणाच्या टेबलावर याच आवाजात ती बोलली होती. तिने काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, “मग इकडे कधी आलात?”

“डिसेंबरात. मेमो मिळाला ना मला.” मधे दोन दिवस ताप येऊन गेला म्हणावं तितक्या साधेपणाने त्यांनी सांगितलं. “बावीस वर्सं भट्टीवर काडली. पर तारखा चुकल्या माझ्याकडनं, आता काय बोलायचं. साहेबांनी तुमच्याकडं इचारलं बी, अ‍ॅपचा काय दोष हाय का म्हणून. तुमचा मेल वाचून दाकवला मला. तुमी बघून सांगितलं, दोष न्हाई. मग मी मेमोवर सही करून टाकली.”

स्वरूपाने वहीचं कोरं पान उघडलं.

“माझ्यामुळं तुमच्या अ‍ॅपला उगीच नाव लागलं,” नवाबभाई म्हणाले. “तेवढं माफ करा ताई.”

“नाही नाही, तसं काही नाही,” ती म्हणाली. तिच्या तोंडून आलेलं हे एवढंच. त्यांच्याकडे बघवेना म्हणून तिने नजर खाली घेतली, तर त्यांच्या डाव्या तळव्यावर निळ्या पेनाने काहीतरी लिहिलेलं दिसलं. ती बघते आहे हे लक्षात येताच ते किंचित हसले आणि मूठ मिटली.

“आजची तारीख हाय. मेमो मिळाल्यावर डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हनले डोळ्यांस्नी काय न्हाई. मग म्हनलं डोक्यातच काय तरी झालं आसंल, वय झालं. तवापास्नं सकाळी तारीख हातावर लिवतो आन् दुपारी मूठ झाकून आठवून बघतो. आजून तरी चुकलो न्हाई. पर भरवसा न्हाई वाटत.”

मग त्यांनी तिच्यासाठी कागदी कपात चहा आणला. क्रेट कसे मोजतात, चिठ्ठी कुठे लावतात, गाडी भरताना कुठला क्रेट आधी चढवायचा, सगळं नीट समजावलं. स्वरूपाने ते वहीत लिहून घेतलं. मधेमधे शंका विचारल्या. चहा संपवला. ‘काका, तो मेल मी न बघता लिहिला होता,’ हे वाक्य तिच्या मनात तयार होतं, तीन-चार वेळा ते जिभेपर्यंत आलं, आणि दर वेळी तिने त्याऐवजी चिठ्ठीबद्दल काहीतरी विचारलं. निघताना नवाबभाई तिला दरवाजापर्यंत पोचवायला आले. ती ‘येते’ म्हणाली आणि स्कूटरकडे चालू लागली. आपण झपझप चालतो आहोत हे तिला मधेच जाणवलं.

चाकणच्या चौकात ट्रकांच्या रांगेत ती पाऊण तास अडकली. हेल्मेटच्या आत घाम आला होता, काच वर करावी असंही वाटत नव्हतं. तेवढ्या वेळात तिने स्वतःची बाजू मांडून पाहिली. मला काय माहीत ते मेमो देतील. मी एकटी किती बघणार. मुळात टॅबवर प्लॅस्टिकचं जाड कव्हर घालतात, बोट नीट लागत नाही, त्याला मी काय करू. प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते पुसलेलं स्टूल पुढे येत होतं.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचली. सर्व्हरवर प्रत्येक नोंदीच्या दोन वेळा राहतात. एक माणसाने निवडलेली तारीख, आणि दुसरी ती नोंद खरोखर किती वाजता साठवली गेली ती. पहिली सगळ्यांना दिसते, दुसरी काढून बघावी लागते. तिने अकरा दिवसांच्या काढल्या. पाच मिनिटंही लागली नाहीत.

एकही सकाळ चुकलेली नव्हती. सहा अडतीस, सहा एकेचाळीस, सहा पन्नास, सहा त्रेचाळीस. अकराही दिवस नवाब तांबोळी पाळी संपताना टॅबपाशी उभे होते आणि त्यांनी आकडे भरले होते. फक्त तारीख कालची लागण्याऐवजी आजची राहिली होती. ‘ठीक’ नीट दाबलं गेलं नाही की कॅलेंडर गुपचूप मिटे आणि आजचीच तारीख तशीच राही. त्याबद्दल एक अक्षर पडद्यावर येत नसे. ते तिनेच तसं ठेवलं होतं, पडदा स्वच्छ दिसावा म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बरोबर तारीख लावली, की आधीच भरलेल्या दिवसावर दुसरी नोंद बसे. घोळ एवढाच होता.

कॅलेंडर किती वेळा उघडलं गेलं याचीही नोंद सर्व्हर ठेवत होता. ती तिने पाहायला नको होती, पण पाहिली. एक ऑक्टोबरच्या सकाळी, जेव्हा मागचा दिवस शोधायला मागच्या महिन्यात जावं लागणार होतं, तेव्हा चार मिनिटांत सात वेळा ते उघडलं आणि मिटलं होतं. उघडलं, मिटलं. उघडलं, मिटलं. आठ तास भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस, सातची घंटा व्हायला आलेली, आणि ते अलगद वर येणारं कॅलेंडर. स्वरूपा उठून बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ सोडून नुसती उभी राहिली.

परत येऊन तिने बटणं बनवली. मधे तारीख, डावीकडे मोठा बाण, त्याखाली ‘मागचा दिवस’. उजवीकडे ‘पुढचा दिवस’. तारीख आजची असेल तर पुढचं बटण आपोआप बंद, म्हणजे उद्याची नोंद कुणाला चुकूनही करता येऊ नये. मोजे घातलेला अंगठा बसेल एवढा बाण. तपासणी धरून चाळीस मिनिटं लागली. जुलै ते एप्रिल हे काम यादीत तळाला पडलं होतं, आणि अकराच्या चहाच्या आत ते झालं होतं.

दुपारी तिने सुजितला सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याने नीट ऐकून घेतलं, खुर्ची जवळ ओढली.

“बटणं छान आहेत, लगेच देऊन टाकू. पण तो जुना मेल उकरू नकोस. त्यांची नवी ऑर्डर आत्ताच मिळाली आहे. आपण लेखी कबूल केलं की चुकीचं सांगितलं, तर ते म्हणतील आत्तापर्यंतच्या सगळ्या नोंदी तपासून द्या.”

“पण त्यांना मेमो मिळालाय.”

“नोकरी गेली नाही ना त्यांची? पगार तोच आहे ना?”

“हो.”

“मग झालं तर. तू मनाला लावून घेऊ नकोस.”

स्वरूपाने मान हलवली. आणि मान हलवताना तिला जी सुटल्यासारखी भावना झाली, तिचीच पुढे तिला मेलपेक्षाही जास्त लाज वाटत राहिली.

बटणं गेली. रंगराव साहेबांनी ग्रुपवर लिहिलं, ‘अतिशय उपयुक्त सुविधा. स्वरूपा मॅडमचे मनापासून आभार.’ खाली अंगठ्यांची रांग लागली. नवाबभाईंच्या जागी तिसऱ्या पाळीला आता खंडू पोखरकर म्हणून एकजण होता. त्याने लिहिलं, ‘मॅडम, आता एका बोटात काम होतंय.’ स्वरूपाने ग्रुपमधली नावं वरून खाली वाचली. नवाब तांबोळी त्यांत नव्हते. भट्टीवरून हलवलं तेव्हाच त्यांना ग्रुपमधून काढलं असणार. ज्याने बटण मागितलं होतं त्याला सोडून बाकी सगळे तिचे आभार मानत होते. सुजितने तो ग्रुप सगळ्या ऑफिसला दाखवला, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तिने हसून दाखवलं.

यानंतर नऊ दिवस ती काहीच करू शकली नाही. जेवणाच्या सुट्टीत ती त्या टेबलावर जाईनाशी झाली.

रविवारी सकाळी ज्योतीराम दारात बसून मेथी निवडत होते. ती शेजारी जाऊन बसली, चार काड्या हातात घेतल्या आणि म्हणाली, “आमच्या ऑफिसात एका मुलीकडून फार वाईट झालं, पप्पा.” आणि तिने त्या मुलीची सगळी गोष्ट सांगितली. निरोप, नक्कल, दोन ओळींचा मेल, मेमो.

ज्योतीरामांनी मधे एकदाही टोकलं नाही. शेवटी विचारलं, “माणूस किती वर्सं व्हता त्या भट्टीवर?”

“बावीस.”

“हं.” त्यांनी एक पिकलेलं पान बाजूला टाकलं. “आन् ती पोरगी आता काय म्हनती?”

“तिला लाज वाटते. झोप लागत नाही.”

“तिच्या लाजंचा त्याला काय उपेग?” ते रागावलेले नव्हते, खरोखर विचारत होते. “मेमो फायलीला लागतो, बाई. उद्या तो रिटायर झाला तरी त्यात तसंच राहनार, ह्यो लबाड व्हता म्हनून.”

“पप्पा, ती मुलगी मीच आहे.”

“कळलं मला,” ज्योतीराम म्हणाले आणि जुडी संपेपर्यंत दोघंही मेथी निवडत राहिले. तिने वर पाहिलं नाही. त्यांनीही तिच्याकडे पाहिलं नाही, आणि तेवढ्यापुरते तिने मनातल्या मनात त्यांचे आभार मानले.

सोमवारी सकाळी तिने रंगराव साहेबांना मेल लिहायला घेतला. पहिल्या खर्ड्यात आलं, ‘आमच्याकडून तपासणी अपुरी राहिली.’ ते तिने तीनदा वाचलं. त्यात कुणीच नव्हतं. चूक जणू भिंतीने केली होती. तिने खोडून लिहिलं, ‘डिसेंबरमध्ये पाठवलेलं उत्तर मी काहीही न तपासता लिहिलं होतं. ते चुकीचं होतं. श्री. तांबोळी यांनी अकराही दिवस वेळेवर नोंद केली होती. तारीख चुकण्याचं कारण अ‍ॅपची रचना हे आहे, आणि ती बदलण्याची मागणी त्यांनी स्वतः तीन वेळा केली होती. ती मी बाजूला ठेवली.’ खाली अकरा ओळी, तारीख आणि वेळ. सुजितला प्रत लावली आणि पाठवून दिला.

सुजित दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने शांतपणे सांगितलं की चाकणचं काम आता दुसरं कुणी बघेल. कारखान्याने तीन महिन्यांच्या सगळ्या नोंदी खरंच पुन्हा तपासून मागितल्या. ते काम तिच्या सोबतच्या दोघांच्या गळ्यात पडलं आणि त्यांनी तिला तसं बोलून दाखवलं. तिने ऐकून घेतलं. रंगराव साहेबांचा फोन आला तो आठवड्याने. “मेमो मागे घेतला आहे, तसं पत्र दिलं आहे त्यांना,” ते म्हणाले. मग थोडं थांबून, “मॅडम, मी तुम्हाला विचारलं होतं. विचारूनच मी सही घेतली त्यांची.” आणि त्यांनी फोन ठेवला.

एवढ्यावर तिला थांबता आलं असतं. पण पत्रात तिचं नाव नसणार हे तिला माहीत होतं. मेच्या पहिल्या आठवड्यात तिने अर्धा दिवस रजा टाकली आणि दुपारी तीनला, पहिली पाळी सुटताना, ती कारखान्याच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीपाशी उभी राहिली. माणसांच्या लोंढ्यात नवाबभाई डब्याची पिशवी घेऊन आले. तिला बघून ते थबकले, मग ओळखीचं हसले.

“ताई, तुमी हितं? मेमो रद्द झाला माझा. साहेबांनी पत्र दिलं. भला माणूस.”

“काका, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय,” ती म्हणाली, आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. टपरीवाला दोन चहा घेऊन आला, ते तसेच फळीवर राहिले. नक्कल केल्याचंही तिने सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती, पण एकदा सुरू केल्यावर तेवढं मागे ठेवणं तिला जमेना. शेवटी तिने अकरा ओळींचा छापलेला कागद त्यांच्या हातात दिला.

नवाबभाईंनी पिशवी खाली ठेवली. कागद लांब धरून प्रत्येक ओळीखालून बोट सरकवत ते वाचू लागले. “सहा एकेचाळीस. हां. त्या दिशी तेल बदलाया घेतलं व्हतं. सहा पन्नास… ह्या दिशी लाईट गेली व्हती मधी.” ओळीमागून ओळ. एक ऑक्टोबरला ते थांबले. “ह्या दिशी लई येळ लागला. कंपनीची बस चुकली माझी.” अकराही सकाळी त्यांना आठवत होत्या. कागदाची घडी करून त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात ठेवली.

“मेल लिवताना तुमाला ठावं व्हतं, माझ्याबद्दल हाय म्हनून?”

“हो. तुमचं नाव होतं त्यात.”

“आन् बटन मीच मागितलं व्हतं, ते बी?”

“हो.”

“मी त्या दिशी तुमची माफी मागितली. तवा बी ठावं व्हतं.”

“हो, काका.”

ते रस्त्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर तिला सोपं गेलं असतं.

“झुलेखा पहिल्या दिवसापास्नं म्हनत व्हती, तुमी चुकला नसाल,” ते म्हणाले. झुलेखा त्यांची बायको. “मी खवळलो तिच्यावर. म्हनलं, तुला काय कळतंय, शिकलेल्या मान्सांनी कम्प्युटरवर बघून सांगितलंय. चार म्हयने मी तिला बोलू दिलं न्हाई त्याच्यावर. आता घरी जाऊन काय सांगू तिला?”

राजगुरुनगरकडे जाणारी कंपनीची बस फाटकातून बाहेर पडत होती.

“चला, बस सुटंल,” नवाबभाईंनी पिशवी उचलली. ते चहाकडे वळले नाहीत. रस्ता ओलांडून बसमध्ये चढले आणि पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसले. स्वरूपाने दोन्ही चहांचे पैसे दिले आणि बस नजरेआड होईपर्यंत तिथेच उभी राहिली.

रंगराव साहेबांनी त्यांना पुन्हा भट्टीवर यायला सांगितलं होतं, पण ते गेले नाहीत. निवृत्तीला सहा महिने उरलेत, खंडूचा हात आता बसलाय, त्याला हलवायला नको, असं ते म्हणाल्याचं तिला नंतर कळलं. खरं कारण तेच होतं की आणखी काही, हे विचारायचा अधिकार आपल्याला नाही असं तिने ठरवलं.

मेच्या अखेरीस बकरी ईद आली. स्वरूपाने सकाळी नवाबभाईंच्या नंबरवर लांबलचक मजकूर लिहिला, मग सगळा पुसून फक्त ‘ईद मुबारक, काका’ एवढं पाठवलं. दुपारपर्यंत त्यावर दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. त्यांच्या जागी ती असती तर तिनेही दिलं नसतं.